बाराव्या पडद्यावर चढणारा सूर

माझी गिटार वर गेली की बेसूर होते, हे मला बाईंनी सांगितलं ते देवळाच्या पायरीवर, चपला घालताना, बाकीच्या बाया पुढं निघून गेल्यावर. बाई म्हणजे आमच्या सोमवारच्या महिला भजनी मंडळाच्या पेटीवाल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण आष्टीतलं निम्मं गाव अजून त्यांना नुसतं बाई म्हणतं. चारचौघांत कुणाची चूक काढायची नाही हा त्यांचा शाळेपासूनचा नियम. म्हणून त्या माझ्यासाठी मागं थांबल्या होत्या.

"तुझं खाली असतंय तोवर लई गोड वाटतंय," त्या म्हणाल्या. "वर गेलीस की सूर चढतोय. थोडाच, पण चढतोय."

मी म्हटलं, बोट चुकीच्या जागी पडत असेल. नवशिकीच आहे मी.

"बोट मी बघितलं. बोट जागेवर हाय अन् सूर जागेवर न्हाई."

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. देवळातून घरी दहा मिनिटांची वाट. तेवढ्या वाटेत मला वाईट वाटायच्या ऐवजी भलताच हुरूप आला. कारण इतके दिवस मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, सेहेचाळिसाव्या वर्षी हे असलं शिकायला घेतलं की असंच होणार. आता बाई म्हणत होत्या की बोट बरोबर आहे. म्हणजे चूक त्या लाकडात, तारेत, लोखंडात कुठंतरी होती. आणि तिथली चूक शोधता येते.

गिटार लेकीची. आमचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे, मी आणि हे मिळून चालवतो. लेक पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती तेव्हा तिनं कुणाकडून तरी ही जुनी गिटार घेतली होती, निळी, इलेक्ट्रिक. नोकरीला बंगळूरला गेली तेव्हा सामानात बसेना म्हणून ती आणि तिचा बिस्किटाच्या डब्याएवढा स्पीकर आमच्याकडं ठेवून गेली. वर्षभर दोन्ही कपाटामागं उभे होते. एका दुपारी केर काढताना माझ्या झाडूचा दांडा तारांना लागला आणि आतून असा काही बारीक, लांबलचक आवाज आला की मी केर तसाच सोडून खाली बसले. इलेक्ट्रिक गिटार वायर लावल्याशिवाय फार हळू वाजते, जवळ कान नेला तरच ऐकू येते. मी कान नेला. त्या दुपारी गल्ल्याशेजारी बसून एकाच तारेवर मी आमच्या भजनाची पहिली ओळ शोधून काढली. दोन तास लागले आणि मधे एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ गेलं.

मग रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी वाजवायला लागले. फोनवर शिकवणारे पुष्कळ असतात; त्यांतल्या एकाचं बोलणं मला कळायचं, त्याचं धरलं. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीच्या पट्ट्यांना पडदे म्हणतात, तसं मीही त्यांना पडदेच म्हणायला लागले. पडद्यामागं तार दाबायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची, एवढंच. सात-आठ महिन्यांनी बाईंच्या कानावर गेलं. सोमवारी घेऊन ये म्हणाल्या. मला धाडस होईना. देवळात इलेक्ट्रिक गिटार, लोक काय म्हणतील. बाईंनी विचारलं, पेटी चालते, तबला चालतो, मग हिला का न्हाई चालायचं? बायांनी सरकून मला जागा केली, म्हणून चाललं.

तर पायरीवरच्या त्या बोलण्यानंतरच्या दुपारी मी फोन पुढ्यात ठेवला. त्यावर सूर जुळवायचं अ‍ॅप होतं. तार छेडली की काटा हलतो. बरोबर असेल तर मधोमध उभा राहतो आणि हिरवा होतो, चढला तर उजवीकडं जाऊन लाल होतो. सहाही तारा मोकळ्या, म्हणजे कुठंही न दाबता, छेडून बघितल्या. सहाही हिरव्या. मग बारावा पडदा दाबला. दांडीवर तिथं दोन ठिपके असतात, कारण तिथं तार बरोबर निम्मी होते आणि मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा. काटा उजवीकडं गेला. लाल. दुसरी तार, लाल. सहाही तारांचं तेच, आणि सगळ्यांत जाड तारेचा काटा तर टोकालाच जाऊन टेकला.

मी ओरडलेच. हे आत तूरडाळ निवडत होते, ते सूप घेऊनच बाहेर आले.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय सापडलं?"

"चूक."

यांना काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून बरं झालं म्हणाले आणि आत गेले.

लेकीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटली. म्हणाली, आई, मी घेतल्यापासून तारा कधी बदलल्याच नाहीत. घामानं आणि गंजानं तार कुठं जाड, कुठं बारीक होते, मग ती मोकळी एक सांगते आणि दाबल्यावर दुसरंच. आधी तारा बदल, मग बघू.

तारा आष्टीत कुठून मिळणार? दुसऱ्या दिवशी दुकान यांच्यावर टाकून मी नगरची एसटी धरली. गिटार सोबत घेतली होती, लेकीच्या काळ्या पिशवीत. कंडक्टरनं पिशवीकडं बघून विचारलं की फवारणीचा पंप हाय का, औषध सांडणार न्हाई ना. मी नाही म्हटलं, गिटार आहे. त्यानं पुन्हा पिशवीकडं, मग माझ्याकडं, मग तिकिटाच्या मशीनकडं बघितलं. शेजारच्या सीटवर कडा गावच्या एक बाई होत्या, त्यांनी सबंध वाटेत तीनदा पिशवीला हात लावून बघितला.

नगरच्या दुकानातल्या पोरसवदा माणसानं आधी विचारलं, काकू, मुलाची का? मी माझी म्हटलं. त्यानं चटचट तारा काढून नव्या चढवल्या. मी त्याला बारावा पडदा दाबून दाखवला, फोनवरचा काटा दाखवला. तो म्हणाला, थोडंफार असतंच, कानाला कळत नाही. मी म्हटलं, आमच्या बाईंना कळतं. त्यावर त्यानं गिटार ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघतो असं सांगितलं. पंधरा दिवस! मला पंधरा तास काढवत नव्हते. मी गिटार पुन्हा पिशवीत घातली आणि परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले.

नव्या तारांनी निम्मं काम केलं. खालच्या दोन बारीक तारा जवळजवळ जागेवर आल्या. मधल्या दोन थोड्या चढत होत्या. जाड दोन मात्र अजून लाल. तरी मला केवढा आनंद झाला! काटा हलतोय म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत.

पुढचं लेकीनं जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करून दाखवलं. गिटारच्या अंगावर, जिथं तारा संपतात, तिथं एक लोखंडी पाटी असते. मी ती शोभेची समजत होते. नीट बघितलं तर प्रत्येक तार आपल्या स्वतंत्र घोडीवर टेकलेली. घोडी म्हणजे बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा. प्रत्येक घोडीमागं एक लांब स्क्रू आणि त्या स्क्रूवर बारीक स्प्रिंग. लेक म्हणाली, "आई, तो स्क्रू फिरवला की घोडी पुढं-मागं सरकते आणि तारेची लांबी बदलते. मोकळ्या तारेचा सूर पुन्हा लावायचा आणि परत बारावा तपासायचा. आता स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तर..." इथं तिचा आवाज गेला. चित्र थिजलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. पुन्हा लावला तर ती मीटिंगमध्ये.

मला धीर कुठला. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि जाड तारेचा स्क्रू दोन वेढे फिरवला. सूर लावला. बारावा दाबला. काटा आधीपेक्षाही लांब गेला. मग उलटा फिरवायला गेले तर स्क्रू हलेना. जोर लावला तर त्याच्या डोक्यावरची अधिक चिन्हाची खाच झिजायला लागली, चकचकीत लोखंडी भुगा दिसला. मी हात काढून घेतला. लेकीची वस्तू, आणि मी ती होती त्याहून बिघडवून ठेवली होती. त्या दिवशी मी पुन्हा तिच्याकडं बघितलं नाही. स्वयंपाक केला, तोही खारट झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दुकानात काटेवाले आले. वजनकाट्याचं दरवर्षी सरकारी पासिंग असतं, त्याच्या आधी ते येऊन काटा तपासून, दुरुस्त करून देतात. नेकनूरचे आहेत, बसनं तालुक्या-तालुक्याचे बाजार फिरतात. सोबत एक लाकडी पेटी, त्यात पितळेची वजनं, प्रत्येक वजन फडक्यात गुंडाळलेलं, आणि हत्यारांचा एक डबा. बोलणं अगदी बेताचं. दरवर्षी येतात, पण त्यांच्याशी माझं चहा घ्या, घेतो, याच्यापलीकडं कधी बोलणं झालं नव्हतं.

त्यांनी काटा तपासला, झाकण उघडलं, काहीतरी बारीक केलं, पुन्हा वजनं ठेवून बघितली. मग हात पुसताना त्यांची नजर गल्ल्याशेजारच्या पोत्यावर ठेवलेल्या गिटारवर गेली.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

बिघडलंय का असं विचारलं नाही, काय बिघडलंय असं विचारलं, म्हणून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. बाईंपासून सुरुवात केली, नगरपर्यंत गेले, अडकलेल्या स्क्रूपाशी येऊन थांबले. त्यांनी दाखवा म्हटलं. मी मोकळी तार छेडली, काटा हिरवा. बारावा पडदा दाबला, काटा लाल. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. मग त्यांनी गिटार फिरवून मागून-पुढून बघितली. मला वाटलं, काटेवाल्यांना काही उमगलं नाही आणि ते सांगायचा संकोच वाटतोय.

"वैनी, हे तर काट्यासारखंच हाय," ते म्हणाले. "रिकामा असला की शून्य बरोबर दाखवतोय, अन् भार ठेवला की जास्त दाखवतोय. मग तुमी शून्य कितीबी फिरवा, उपयोग न्हाई. भाराचं वेगळं लावावं लागतंय."

मी वळून आमच्या वजनकाट्याकडं बघितलं. पंचवीस वर्षं मी त्या काट्यावर साखर-तांदूळ तोलत होते. फोनवरच्या त्या सगळ्या माणसांनी, लेकीनं, नगरच्या दुकानदारानं जे मला सांगितलं किंवा सांगितलं नाही, ते या माणसानं माझ्याच गल्ल्यावर उभं राहून एका दमात सांगितलं होतं. मोकळ्या तारेचा सूर लावायच्या खुंट्या म्हणजे शून्य, आणि हा मागचा स्क्रू म्हणजे भार.

आता प्रश्न राहिला कुठल्या बाजूला फिरवायचं. त्यांनी मला विचारलं, तार आखूड केली की सूर वर जातो का खाली? मी पडदे एकेक दाबत वर गेले. सूर चढत गेला. मग ते म्हणाले, चढलेला उतरवायचाय तर तार लांब करायला पाहिजे, म्हणजे घोडी मागं ओढायची. स्क्रू आवळला की ती मागं येईल. "तुमी उलट फिरवलाय," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

दुकानात शिलाई मशीनच्या तेलाच्या बाटल्या होत्या. एक फोडून त्यांनी काडीच्या टोकानं एकेका स्क्रूवर थेंब सोडला आणि आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं. त्या दहा मिनिटांत मी चहा केला, तो उतू घालवला, पुन्हा केला. मग त्यांनी डब्यातून चार-पाच स्क्रू-ड्रायव्हर काढले, एकेक त्या झिजलेल्या खाचेत बसवून बघितला, चौथा घट्ट बसला. फिरवायच्या आधी मला म्हणाले, तार ढिली करा, भार उतरवल्याशिवाय काही हलवायचं नसतं. मी खुंटी सोडली. त्यांनी मनगट अगदी थोडं वळवलं आणि टक् असा आवाज येऊन स्क्रू सुटला.

मी आधी सोडलेले दोन वेढे त्यांनी परत आवळले, वर आणखी एक. तार लावली. मोकळी, हिरवी. बारावा पडदा, लाल, पण काटा आता निम्म्यावर. पुन्हा ढिली, पुन्हा एक वेढा, पुन्हा लावली. आणखी जवळ. स्क्रू त्यांच्या हातात, खुंटी माझ्या हातात. ते फक्त मान हलवायचे, मी फिरवायची.

पण त्या जाड तारेची घोडी मागं येत येत स्प्रिंगपाशी अडली. स्प्रिंग पूर्ण दबली, काटा मात्र अजून रेघभर उजवीकडं. त्यांनी स्क्रू पूर्ण काढला, स्प्रिंग तळहातावर घेतली, डोळ्याजवळ नेली आणि मला काही विचारायच्या आत कटरनं तिचे दोन वेढे कापून टाकले. माझ्या तोंडून हाय निघालं. ते म्हणाले, काट्यातबी असंच करतो आमी. पुन्हा बसवल्यावर घोडी आणखी मागं सरकली. मग ते वाकून तारेकडं बाजूनं बघत बसले आणि म्हणाले की ही तार दांडीपासून लई वर हाय. खाली दाबताना ती ताणली जातीय, ताणली की चढणारच. घोडीच्या अंगात दोन बारीक षटकोनी भोकं होती. त्यांच्या डब्यात त्या मापाची किल्ली निघाली. तार थोडी खाली उतरवली.

मी सूर लावला. बारावा पडदा दाबला. काटा मधोमध येऊन उभा राहिला आणि हिरवा झाला.

खात्री करायला मी पुन्हा दाबला. हिरवा. बोट काढलं, हात झटकला, पुन्हा दाबला. हिरवा! तोवर दुकानात पोहे घ्यायला आलेली एक बाई गोणीवर टेकून बघत बसली होती. ती म्हणाली, जमलं वाटतं. यांनी आतून येऊन तिला पोहे तोलून दिले आणि तेही आमच्याजवळ येऊन उभे राहिले. उरलेल्या पाच तारांना अर्धा तासही लागला नाही.

शेवटी मी काटेवाल्यांना एक गंमत दाखवली. बाराव्या पडद्यावर तार दाबायची नाही, नुसतं बोट टेकवायचं आणि छेडून लगेच उचलायचं. मग दाबलेल्या तारेचा आवाज येत नाही, लांबून कुठूनतरी घंटा वाजल्यासारखा सूर येतो. त्यांनी ते तीनदा वाजवायला लावलं. चौथ्यांदा स्वतः बोट टेकवून बघितलं. त्यांना जमलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी वजनं मोजून पेटीत ठेवली. बीडची गाडी निघून गेली होती. पुढची तासाभरानं होती, तोवर ते आमच्या ओट्यावर बसून राहिले आणि मी त्यांना येत होतं नव्हतं ते सगळं वाजवून दाखवलं.

त्याच संध्याकाळी मी गिटार घेऊन बाईंकडं गेले. त्यांनी पेटी काढली, वरचा सा धरला, मी तोच सूर बाराव्या पडद्यावर वाजवला. आणि अजून काहीतरी चुकत होतं.

दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले की त्यांच्यात एक थरथर ऐकू येते, शेजारी-शेजारी दोन पाण्याच्या मोटारी चालू असल्यासारखी, वँव-वँव-वँव. ती थरथर होती. आधीपेक्षा कमी होती, पण होती. फोन काढला तर काटा हिरवा. भजन वाजवायला लागले की थरथर. फोन धरला की हिरवा. मला रडू यायचं बाकी राहिलं. मी म्हटलं, जाऊ द्या बाई, जुनीच वस्तू आहे.

बाईंनी पेटीचा भाता थांबवला आणि चष्मा चढवून माझ्या डाव्या हाताकडं बघितलं.

"नखं बघ तुझी," त्या म्हणाल्या.

बघितलं. चारही बोटांची नखं पांढरीफटक.

"पुडी बांधायचा दोरा आवळतीस तसं दाबतीस तू. फोनसमोर हळू दाबतीस, भजन लागलं की आवळतीस. दाब कमी कर. सूर निघंल एवढाच, त्याच्यावर न्हाई."

मी बोट सैल केलं. इतकं की आता आवाज येणारच नाही असं वाटलं. पण आला. बाईंनी पुन्हा सा धरला. थरथर सुरू झाली, मी बोट आणखी सैल केलं, आणि थरथर लांबत गेली. वँव, मग थांबून वँव, मग बऱ्याच वेळानं एकदा, आणि मग नाहीच. पेटी कुठं संपते आणि गिटार कुठं सुरू होते हे कळेना. दोन्ही मिळून एकच काहीतरी वाजत होतं आणि ते खोलीत भरून राहिलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो आणि दोघीही तो सूर सोडायला तयार नव्हतो. भाता संपला तेव्हा कुठं संपला. मग बाईंनी मला खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत एकेका सुरावर थांबवून तसंच करायला लावलं. मला घरी जायची आठवण बाईंच्या सुनेनं करून दिली.

सोमवारी देवळात बारा-तेरा जणी होतो. पहिली दोन भजनं मी खालीच राहिले. तिसऱ्याला अंतऱ्यात चाल वर जाते, आणि तिथं इतके दिवस मी हळूच थांबायची. या वेळी थांबले नाही. नखांकडं बघितलं, गुलाबी होती. वर गेले, बाराव्या पडद्याच्याही पलीकडं, आणि सूर पेटीत असा जाऊन बसला की टाळ वाजवणारीनं मान वळवून बघितलं. पुढच्या वेळी अंतरा आला तेव्हा मला धीर निघेना, कधी एकदा वर जाते असं झालं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी तो अंतरा नेहमी दोनदा घेतात तो चारदा घेतला.

बाहेर आले तर दाराजवळ हे उभे. अर्धा तास आधी दुकान बंद करून आले होते. मयतीशिवाय त्यांनी कधी वेळेआधी शटर ओढलेलं मला आठवत नाही. म्हणाले, शेवटचं ते वरचं जे होतं, ते बरं होतं. वाटेत पुन्हा एकदा म्हणाले.

हे सगळं झाल्यावर माझे कान मात्र भलतेच तिखट झाले. दुकानातल्या फ्रीजचा सूर मला ऐकू यायला लागला. गिरणीचा सूर, एसटीच्या हॉर्नचा सूर. आणि दोन-तीन सोमवारांनी बाईंच्या पेटीतला वरचा कोमल नी मला ऐकू आला. ऐकू आला म्हणजे आलाच नाही. भजनात तो लागतो तिथं पेटी गप्प होते आणि पुढच्या सुरावर पुन्हा येते. एकदा त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी हळूच ती पट्टी दाबली. सूर चांगलाच उतरलेला होता. मला सांगावं की नाही कळेना. शेवटी त्यांचाच नियम पाळला. सगळ्या गेल्यावर, पायरीवर, चपला घालताना सांगितलं.

"बारा वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक हाय. तो सूर आला की मी बोट ठेवतच न्हाई. तुमी सगळ्या गाताच की, कुणाला कळतंय?"

मी म्हटलं, मला कळलं.

त्या दोन पायऱ्या उतरल्या, मग थांबल्या. "मग आता तिथं तू वाजव," त्या म्हणाल्या.

पहिल्या सोमवारी ती जागा आली आणि मी विसरले. पेटी गप्प, गिटार गप्प, बाया गात राहिल्या. बाईंनी पेटीवरून माझ्याकडं नुसतं बघितलं. पुढच्या सोमवारी मी दोन ओळी आधीपासूनच बोट त्या पडद्यावर सैल धरून बसले होते. बाईंनी बोट उचललं आणि मी वाजवला.